गावच्या पुस्तकातलं काळं पान

११ जुलै १७७४, सोमवार

गावच्या पुस्तकात चिटणिसाचं स्वतःचं मत लिहायची सोय नाही, म्हणून ही वेगळी वही. कागद बोस्टनचा आहे. बंदर बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात घेतला होता, आता मिळाला नसता. चहावरच्या कराच्या रागात लोकांनी पेट्या समुद्रात फेकल्या म्हणून पार्लमेंटने अख्खं बंदर बंद केलं, आणि आता आमच्या गावसभांवरही बंधन आणतायत म्हणे: वर्षातून एकच घ्यायची, बाकीच्या गव्हर्नरला विचारून. आमच्या ब्रॅकफील्डने लगेच एक सभा घेतली, कोणालाही न विचारता. इंग्लंडचा माल घेणार नाही आणि पार्लमेंटचे कायदे मानणार नाही, असे ठराव केले. मीही हात वर केला होता.

आज एनॉस ब्रिजेस माझ्या पिंपांच्या दुकानात आला. एनॉस हा माझ्या बायकोचा, मेहिटेबलचा, धाकटा भाऊ. गावची पाणचक्की त्याची, आणि राजाच्या सहीने नेमलेला आमचा न्यायाधीशही तोच. मी पिंपाला कडं ठोकत होतो. त्याने कागद पुढे केला. खाली चौदा सह्या होत्या.

"हे पुस्तकात चढव," म्हणाला.

"आहे काय?"

"ठरावांना आमची हरकत आहे, ती. कर चुकीचा आहे हे मीही म्हणतो, जोथम. पण दुसऱ्याचा माल बुडवून कर कमी होतो का? आणि सभेत कोणी बोलायला उठला की तो लोहार टार्बेल हातोडा आपटतो. ती सभा आहे की त्याची भट्टी?"

मी त्याला म्हटलं, मला तुझं पटत नाही. तो म्हणाला, "पटायला कोण सांगतंय? तू फक्त लिही."

ते खरंच आहे. जमीनदार माणसाने लेखी हरकत दिली तर चिटणिसाने ती नोंदवायची, हा नियम आहे. बावीस वर्षं मी चिटणीस आहे, सात हरकती नोंदवल्यात, त्यातली एक डुकरांबद्दल होती. ही आठवी. पान १८७. अक्षर चांगलं आलंय.

३० जुलै, शनिवार

उकाडा. मेहिटेबलने रासबेरीच्या पानांचा काढा केला. त्याला आम्ही हल्ली चहा म्हणतो. मी म्हटलं, बरा लागतो. ती म्हणाली, "जोथम, तू खोटं बोलायला लागलास की डावी भुवई वर जाते."

२९ ऑगस्ट, सोमवार

लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

पान १८७ ची बातमी फुटली होती. आज सभेला दोनशेच्या वर माणसं. कॅप्टन रुफस टार्बेल उठला. हा आमचा लोहार, गावच्या पलटणीचा पुढारी आणि ठराव पाळले जातात का ते बघणाऱ्या समितीचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. माझ्या पिंपांची कडी पंधरा वर्षं तोच करतो.

"गावच्या पुस्तकात गावाविरुद्ध मजकूर आहे," म्हणाला. "चिटणिसाने तो आत्ता, सगळ्यांसमोर, पुसावा."

मी नियम सांगायला गेलो. दोन वाक्यंच झाली. लोक बाकांवर पाय आपटायला लागले. मत घेतलं. चौदापैकी नऊजण आलेच नव्हते, चारजण खाली बघत बसले, एनॉस तेवढा उभा राहून "विरोध" म्हणाला.

मी लेखणीने ओळी खोडल्या. टार्बेलने वाकून पाहिलं. "वाचता येतंय." मी आडव्या उभ्या रेघा मारल्या. "अजून येतंय." मग त्याने माणूस पाठवून माझ्याच दुकानातून काजळीचा डबा आणि कुंचला आणवला, पिंपांवर खूण करायचा. मी पान काळं केलं. वरपासून खालपर्यंत, दोनदा.

मला भीती वाटली होती. हे या वहीत लिहायला हरकत नाही. पुस्तकात आता नसलेली पहिली तीन नावं इथे टिपून ठेवतो: एनॉस ब्रिजेस, एबेनेझर लूमिस, विधवा थँकफुल गेट्स. थँकफुलबाईंनी सहीऐवजी फुली केली होती.

घरी आलो तर मेहिटेबलने माझ्या हाताकडे पाहिलं आणि गरम पाणी ठेवलं. काजळी साबणाने जात नाही.

२ सप्टेंबर, शुक्रवार

मेहिटेबल सासरी गेलेल्या मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. म्हणते, माझं घोरणं फार वाढलंय. असेल. वयाने होतं तसं. हल्ली मला "मिस्टर व्हीलॉक" म्हणते, अहोजाहो करते. सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, पण गावात चिटणिसाच्या पदाचं वजन वाढलंय हे तिच्याही लक्षात आलं असावं.

१२ सप्टेंबर, सोमवार

राजाची कोर्टं बंद पाडायची असं सगळ्या परगण्याने ठरवलंय. आज आमच्या एनॉसची पाळी होती. आसपासच्या पाच गावांच्या पलटणी आल्या होत्या. चक्कीपासून प्रार्थनाघरापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा. एनॉसने टोपी काढून हातात घ्यायची, मधून चालायचं, आणि दर तीस पावलांवर थांबून वाचायचं: मी पद सोडलं, हरकतीवर सही केली ती माझी चूक होती, गावाची माफी मागतो.

तो कागद मी लिहिला. समितीत दुसऱ्या कोणाचं अक्षर लांबून वाचण्यासारखं नाही.

त्याने तो बावीस वेळा वाचला. मी मोजलं नाही, टार्बेल मोजत होता. कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही, सगळं शिस्तीत झालं. दहाव्या वेळेला एनॉसचा घसा बसला. तेव्हा मेहिटेबल गर्दीतून बाहेर आली आणि त्याच्या शेजारून चालायला लागली, हातात सायडरचा तांब्या. पलटणीतल्या एकाने "बाई, बाजूला व्हा" म्हटलं. ती म्हणाली, "सरक तू. तुझ्या जन्माच्या वेळी मी होते तिथे." पुढे शेवटपर्यंत चालली. प्रार्थनाघराच्या पायरीवर मी समितीबरोबर उभा होतो, पण तिचं माझ्याकडे लक्ष गेलं नसावं.

१० नोव्हेंबर, गुरुवार

दोन महिन्यांत एनॉसच्या चक्कीवर कोणी धान्य नेलं नाही. खिडक्या फुटल्या. मेहिटेबल मात्र दर गुरुवारी पोतं घेऊन जायची. माझ्या मते एवढं पीठ आम्हा दोघांना लागत नाही.

आज एनॉस निरोप घ्यायला आला. बोस्टनला चाललाय, राजाचं सैन्य आहे तिथे. आधी बहिणीचा निरोप घेतला. मग दुकानात आला, एका उपड्या पिंपावर बसला.

"पान फाडलं नाहीस ना?" त्याने विचारलं.

"नाही. काळं आहे. सभेने पुसायला सांगितलं होतं, फाडायला नाही."

तो हसला. "तुझ्या नियमांना तरी एकदा माझ्या बाजूला यायची बुद्धी झाली. काळं पान बरं. फाडलं असतंस तर आम्ही नव्हतोच असं झालं असतं. काळ्या पानावर माणूस निदान विचारेल, इथे काय होतं म्हणून."

"कोण विचारणार?"

"तेही खरंच," म्हणाला आणि उठला. त्याच्या खोगिराला पिठाची पिशवी बांधली होती, मेहिटेबलच्या हातची गाठ.

२० एप्रिल १७७५, गुरुवार

काल दुपारी घोडेस्वार ओरडत गेला. राजाच्या सैनिकांनी लेक्सिंग्टनला गोळ्या झाडल्या, माणसं मेली. तासाभरात आमची पलटण निघाली. मला हर्निया आहे आणि साठी जवळ आली, म्हणून मी घंटेचा दोर ओढला. मेहिटेबलने भट्टीतून निघाल्या तशा सगळ्या पावांची वाटणी केली. टार्बेलला दोन दिले. त्याच्याकडे बघून नाही दिले, पण दिले.

त्याचा आसाहेल त्याच्या मागे चालत होता. वीस वर्षांचा आहे. बापाचे बूट त्याला अजून मोठे होतात.

२७ जून, मंगळवार

टार्बेल आला. चार्ल्सटाउनच्या टेकडीवरच्या लढाईत सतरा तारखेला आसाहेल गेला. प्रेत मिळालं नाही.

मी मृत्यूंचं पान उघडलं. पानाच्या माथ्यावर नेहमीप्रमाणे आहे: महाराज तिसरे जॉर्ज यांच्या कारकिर्दीचं पंधरावं वर्ष. त्याखाली लिहिलं, आसाहेल टार्बेल, रुफस आणि लिडिया यांचा मुलगा. टार्बेल टेबलाला धरून उभा होता. त्याला वाचायला वेळ लागतो. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "शाई चांगली आहे ना? पुसट होईल अशी नको."

"ओकच्या गाठींची आहे. शंभर वर्षं टिकेल."

तो गेल्यावर मी पुस्तक मिटलं. फार वाईट वाटलं. मला त्याचा राग यायला हवा होता, तो कुठे शोधूनही सापडला नाही.

२३ मार्च १७७६, शनिवार

राजाच्या सैन्याने बोस्टन सोडलं. सगळी जहाजं उत्तरेला हॅलिफॅक्सला गेली, त्यांच्याबरोबर राजाच्या बाजूची हजारभर इकडचीही माणसं. एका गाडीवानाने एनॉसला धक्क्यावर पाहिलं. हातात एक गाठोडं होतं. मेहिटेबलला सांगितलं. ती म्हणाली, "थंडी असते तिकडे, मिस्टर व्हीलॉक." आणि लोकर विंचरत राहिली.

२० मे, सोमवार

नवा कायदा आला. एक जूनपासून कोणत्याही कागदावर राजाचं नाव घालायचं नाही. सरकार आणि जनता यांच्या नावे लिहायचं. वाचून कागदांच्या पाटीत ठेवला.

८ जून, शनिवार

फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने देश स्वतंत्र केला तर प्राण आणि मालमत्ता पणाला लावून आपण पाठीशी राहू का, हे प्रत्येक गावाला विचारलंय. सतरा तारखेला सभा. आज नोटीस लिहिली. "महाराजांच्या नावे तुम्हास कळवण्यात येते की..." इथपासून खालपर्यंत एकटाकी, एकही खाडाखोड नाही. हात अजून चालतो याचं समाधान वाटलं. गावच्या पंचांनी घाईत सह्या केल्या, कॉन्स्टेबलने प्रार्थनाघराच्या दारावर लावली. डावा खांदा दुखतोय.

१७ जून, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सभा भरली. प्रार्थनाघराचा कारभार बघणारे म्हातारे डीकन पर्ली अध्यक्ष होते. नियमाप्रमाणे त्यांनी आधी नोटीस वाचायला घेतली आणि पहिल्याच दोन शब्दांवर थांबले. चष्मा पुसला. परत वाचलं.

"चिटणीस," म्हणाले, "आपण आज इथे कोणाच्या नावे जमलोय?"

मला तेव्हा कळलं. नऊ दिवस ती दारावर होती, दोनशे माणसं येता जाता बघत होती, आणि एकालाही खटकलं नव्हतं. जन्मभर सगळ्यांनी तेच वाचलंय. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "राजाला सोडायचं का, हे ठरवायला राजानेच बोलावलंय." लोक हसले. मीही हसणार होतो, पण टार्बेल उठला.

"चूक?" तो म्हणाला. "चोवीस वर्षांत याच्या हातून एक अक्षर चुकलं नाही, आणि नेमकं आजच चुकलं? याचा मेहुणा हॅलिफॅक्सला बसून राजाची भाकरी खातोय. ती हरकत पुस्तकात घालणारा हाच. मी म्हणतो, याला काढा. आणि पुस्तक आणा. पहिल्या पानापासून जिथे जिथे राजाचं नाव आहे तिथे काळं फासा. कुंचला कुठे आहे ते माहितीय आपल्याला."

पाय आपटायला लागले, त्या दिवसासारखेच. दोघेजण कुंचला आणायला उठलेसुद्धा. मी पुस्तक उघडलं, ते माझ्यासमोरच होतं.

"कॅप्टन," मी म्हटलं, "पान दोनशे तीन आधी करू का शेवटी?"

"कोणतं ते?"

"गेल्या जूनचं. वर राजाचं नाव आहे. खाली आसाहेल आहे."

पाय थांबले. मी बोलतच राहिलो, एवढं सलग मी सभेत कधी बोललो नव्हतो. "माझी चूक झाली, हात सवयीने गेला. दुसऱ्याला नेमा, मी किल्ल्या देतो. पण त्या दिवशी मी एक पान काळं केलं, आता दुसरं करणार नाही. राजाचं नाव पुसलं तर उद्या वाचणाऱ्याला कळणार नाही, की हा मुलगा कोणाच्या गोळीने गेला. टेकडीवरून पडून मेला असं वाटेल त्याला."

हे जरा फार झालं असं मला लगेच वाटलं. टार्बेल टोपी हातात फिरवत उभा होता. आजच त्याच्या मुलाला एक वर्ष झालं, हे मला बोलताना आठवलं नव्हतं, देवाशपथ.

"राहू दे," तो म्हणाला आणि बसला.

मग डीकन पर्लींनी गंभीरपणे सांगितलं की नोटीस चुकीची म्हणजे सभाही बेकायदा, म्हणून आज काहीच ठरवता येणार नाही. नवी नोटीस, सात दिवसांची मुदत. लोक कुरकुरले. कोणी म्हणालं, गवत कापायचं पडलंय, आत्ताच स्वतंत्र होऊन जाऊ. डीकन बधले नाहीत. तेव्हा सगळे राजाची प्रजा म्हणूनच घरी गेलो.

मला कोणी काढलं नाही. मला वाटतं विसरले.

बायकांना सभेत बसता येत नाही, पण खिडक्या उघड्या होत्या. संध्याकाळी मेहिटेबल मटार सोलत होती. म्हणाली, "हे तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा म्हणजे केव्हा?"

तिने पुढची शेंग उचलली. मटार किडका होता, तिचं लक्ष त्यात असावं.

२४ जून, सोमवार

सभा. या वेळी नोटीस मी तीनदा तपासली आणि मेहिटेबललाही वाचायला दिली. "मॅसॅच्युसेट्सच्या सरकार आणि जनतेच्या नावे." जनता म्हणजे आम्हीच, तेव्हा आम्हीच आम्हाला बोलावलं. लिहिताना विचित्र वाटलं.

सगळे हात वर. माझाही. वर केला तेव्हा खांदा दुखला नाही.

११ ऑगस्ट, रविवार

प्रार्थना झाल्यावर पाद्रीबुवांनी फिलाडेल्फियाचा जाहीरनामा वाचला. आता आपण वेगळा देश आहोत. टाळ्या वाजवाव्यात का, हे प्रार्थनाघरात कोणाला ठरवता येईना. वाचून झाल्यावर कागद त्यांनी माझ्या हातात दिला. बोस्टनच्या कौन्सिलचा हुकूम आहे, चिटणिसाने हा गावच्या पुस्तकात उतरवून घ्यावा, कायमची आठवण म्हणून.

त्यात राजाचा उल्लेख जवळजवळ प्रत्येक ओळीत आहे. बाहेर पडताना टार्बेल माझ्या शेजारून चालला. "तू म्हणालास ते बरोबर होतं," म्हणाला. "राजा नसेल तर हा कागदच उभा राहत नाही." मग म्हणाला, "कडी तयार आहेत तुझी. कधी नेतोस?"

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तक घेतलं, खिडकीजवळ, उजेड चांगला होता. साडेचार पानं झाली. मधे एक तक्रार आहे, की आम्ही नम्रपणे अर्ज केले आणि राजाने प्रत्येक वेळी ते धुडकावले. तिथे माझी लेखणी थांबली. किती वेळ, ते सांगता येणार नाही. शाई वाळली, ती परत बुडवली, पुढे लिहिलं, सह्यांपर्यंत सगळं पुरं केलं.

मग पान १८७ उघडलं. काजळी मागच्या पानावर फुटलीय. समासात दोन बोटं कोरी जागा होती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं: "या पानावर गावच्या चौदा रहिवाशांची हरकत होती. पहिली सही एनॉस ब्रिजेस यांची. सभेच्या हुकमावरून ती मी माझ्या हाताने पुसली. नियमाप्रमाणे ती नोंदवणं योग्य होतं आणि पुसणं चुकीचं. जोथम व्हीलॉक, चिटणीस."

असं समासात लिहायला मला कोणी सांगितलेलं नाही. यावर उद्या कोणी सभेत उठलं तर उठो.

मेहिटेबल काढा घेऊन आली होती, केव्हापासून मागे उभी होती कोण जाणे. तिने वाकून वाचलं. ओठ हलवत, सावकाश, दोनदा. मग शाई सुकवायच्या वाळूची डबी उचलून स्वतःच अक्षरांवर वाळू टाकली.

"जोथम," म्हणाली, "नीट वाळू दे. मग मिट."

काढा बरा होता. तिने विचारलं, तेव्हा तसं सांगितलं. भुवईचं ती काही बोलली नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सैन्याच्या खारवलेल्या मांसासाठी वीस पिंपांची मागणी आली. टार्बेलकडून कडी आणली. एनॉसची काही बातमी नाही.

मेहिटेबल काल उशी घेऊन आमच्या खोलीत परत आली. म्हणते, माझं घोरणं आता कमी झालंय. दोन वर्षं ती पलीकडच्या खोलीत होती, तिला कसं कळलं कोण जाणे.